आज लाईनवर काळा चालू आहे

पळस्पे फाट्यावर तीन महामार्ग एकमेकांना भिडतात. एक खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जातो. दुसरा शिरढोण, कर्नाळा, पेण करत कोकणात उतरतो आणि थेट कन्याकुमारी गाठतो. तिसरा जेएनपीटी बंदराकडून येतो आणि इथेच संपतो. कागदोपत्री त्यांचे क्रमांक बदलून 48, 66 आणि 348 झाले, पण फाट्यावर विचारले तर पुणे रोड, गोवा रोड आणि जेएनपीटी रोड हीच नावे ऐकू येतात. कंटेनर दिवसरात्र वाहत असतात आणि जिथे कंटेनर तिथे त्यांचे सगळे गणगोत आलेच: पंक्चरवाला, पाटेवाला, वेल्डिंग, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग, रेडियमवाला.

रविवारी पहाटे या गोतावळ्यात वेगळेच लोक दिसतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट चिकटलेले कपडे, मागे लुकलुकणारा लाल दिवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण खुला झाला, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे. त्यामुळे वाशी-खारघरकडून लोणावळ्याला जाणारा सायकलस्वार जुन्या रस्त्याने पळस्प्यावरूनच जातो आणि कर्नाळ्याकडे वळणाराही इथूनच वळतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात बाजी मारणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या घाटाची वाटही हीच.

चहाच्या टपरीला टेकवलेल्या या सायकली जवळून पाहिल्या की रंगाची खरी कहाणी कळते. चेनच्या बाजूला मागच्या नळीवर टवके उडालेले. हँडलची केबल घासून पुढच्या नळीवर चंद्रकोर उमटलेली. आडव्या दांडीवर वर्षानुवर्षे घामाचे थेंब पडून तिथे बारीक फोड आलेले. ‘रंग’ या विषयावर दिवाळी अंक काढायचा म्हटले की रंगभूमी, रंगपंचमी आणि रंगमहाल आपोआप हजेरी लावतात. सायकलची फ्रेम कुठे रंगवून मिळते, हा प्रश्न मात्र कोणाला पडत नाही. तो पळस्प्यात विचारून पाहिला की त्याला सरळ उत्तर नाही, हेही कळते.

कोणाचेच गिऱ्हाईक नाही

सायकलवाला ओव्हरहॉलिंग करतो. छर्रे बदलतो, रिमची आउट काढतो, ऑइलिंग-ग्रीसिंग करतो. रंगाचे नाव काढले की तो बाहेरचा पत्ता सांगतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे रंग आहे, कॉम्प्रेसर आहे, हातही आहे. पण त्याचे गणित पत्र्यावर चालते. गाडीचा दरवाजा म्हणजे एक सपाट पत्रा, गन एकदा इकडून तिकडे फिरवली की काम दिसते. सायकलची फ्रेम म्हणजे हवेत टांगलेल्या नऊ-दहा बारीक नळ्या. गनमधून निघालेला बराचसा रंग नळीच्या दोन्ही बाजूंनी हवेतच निघून जातो. शिवाय गोल नळीला वर, खाली, आत, बाहेर अशा चार बाजू, आणि प्रत्येक सांध्यात एक कोपरा. मेहनत दरवाजाएवढी, पैसे मडगार्डाएवढे. मग तो ‘बघू, ठेवून जा’ म्हणतो. सायकल महिनाभर गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून राहते आणि तिच्यावर ट्रकच्या रंगाची धूळ बसते.

तिसरा पर्याय तळोज्याच्या एमआयडीसीत किंवा पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत शोधावा लागतो: पावडर कोटिंग. तिथला धंदा खिडक्यांच्या जाळ्या, गेट, रॅक, विजेच्या पॅनेलचे डबे यांचा. हिशोब चौरस फुटावर किंवा किलोवर. सायकलची फ्रेम चौरस फुटात धड मोजता येत नाही आणि किलोत भरत नाही.

गंमत म्हणजे पनवेलला चाकाचे वावडे कधीच नव्हते. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा उल्लेख बैलगाडीची चाके बनवणारे गाव म्हणून येतो. घाटावर जाणाऱ्या मालाला गाडी लागे, गाडीला चाक लागे आणि चाक पनवेलला मिळे. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाल्यावर ही मागणी वाढली असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आज त्याच वाटेवर अठरा चाकी ट्रेलर उभे असतात आणि दोन चाकांच्या वाहनाला रंगारी मिळत नाही.

आधी गंज, मग रंग

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात खाडीची खारी हवा. लोखंडाला यापेक्षा वाईट सासर मिळणार नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाच्या खाली तयार झाला की रंग वर उचलला जातो. बाहेरून दिसतो तो छोटा फोड. नखाने टोकरला की खाली तपकिरी भुकटी, आणि तिचा पसारा फोडाच्या दुप्पट-तिप्पट. दांडीवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग दिसत असेल तर पॉलिश पेपर हातात घेतल्यावर तो तळहाताएवढा निघतो.

खरा धोका मात्र दिसत नाही तिथे असतो. सीटच्या नळीतून पावसाचे पाणी आत उतरते आणि पेडलच्या खालच्या गोल डब्यात, म्हणजे बीबीत, साचते. काही फ्रेमना तिथे तळाशी बारीक भोक असते. ते रंगाने किंवा चिखलाने बुजले की पाणी आतच मुक्काम करते. फ्रेम बाहेरून लखलखीत आणि आतून पोखरलेली, असा प्रकार कोकणपट्टीत नवा नाही. म्हणून जाणता माणूस फ्रेम हातात घेतली की आधी रंग बघत नाही. तो नाण्याने नळीवर टकटक करत खालपर्यंत येतो आणि आवाज कुठे बसका लागतो ते ऐकतो. बीबीजवळ पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दबत असेल तर रंगाचे पैसे वाचवावेत. ती फ्रेम भंगारातच जायची आहे.

आतल्या बाजूला जवसाचे तेल फिरवून ते वाळू देणे हा जुना आणि स्वस्त उपाय. जवसाचे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते. खोबरेल किंवा गोडे तेल तसे सुकत नाही, म्हणून त्याचा उपयोग नाही.

घरच्या गॅलरीत

घरी रंगवण्याचा मोह स्प्रे कॅनमुळे होतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना डबा मिळतो, झाकणावर रंगाची टिकली असते आणि दुकानदार ‘एका डब्यात होऊन जाईल’ असे सांगतो. होत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर धरला तर एका फ्रेमला आणि पुढच्या चाकाच्या चिमट्याला चार-पाच डबे सहज लागतात.

पण डबा हातात येण्याआधीच निम्मे काम झालेले असावे लागते, आणि ते काम सायकल सोडवण्याचे. जुन्या काळ्या सायकलची क्रँक कॉटर पिनवर बसलेली असते. पिनचा नट काढून सरळ हातोडा घातला तर आटे चेपतात, पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय सुटका नसते. नट पिनच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सैल करायचा, क्रँकखाली लाकडाचा भक्कम ठोकळा द्यायचा आणि एकच जोरदार घाव घालायचा. डावे पेडल उलट्या आट्याचे. उजव्या बाजूचा बीबी कपही उलट्या आट्याचा. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून जोर करत राहतो आणि कप आणखी घट्ट बसत जातो. छर्रे डबीत, प्रत्येक बाजूचे वेगळे. वायसर, नट, कोन कुठून निघाले त्याचे मोबाइलवर फोटो. जोडताना या फोटोंची किंमत कळते.

पितळी छाप, म्हणजे पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला, दोन बारीक रिव्हेटांवर असतो. तो निघण्यासारखा नसेल तर त्यावर मास्किंग टेप लावून ब्लेडने कडेकडेने कापावी. निघाला तर पितांबरीने घासून कागदात गुंडाळून ठेवावा. बिल्ल्यावरूनच रंग मारलेल्या सायकली भरपूर दिसतात. त्या बघितल्या की मारणाऱ्याची घाई कळते.

मग धुणे. पूर्वी रॉकेल, आता बहुधा डिझेल. त्यानंतर भांड्याचा साबण आणि भरपूर पाणी, कारण ग्रीसचा पुसट हात जरी राहिला तरी रंग तिथे धरत नाही. आणि मग घासणे. इथे घरच्या रंगाऱ्याची पहिली समजूत चुकते: सगळा जुना रंग काढायलाच हवा असे त्याला वाटते. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो. जिथे तो घट्ट बसलेला आहे तिथे त्याच्यापेक्षा चांगला पाया घरी तयार करता येत नाही. तिथे नुसती चमक मारायची. गंजाच्या जागी 80 किंवा 120 नंबरचा पेपर घेऊन पांढरे लोखंड दिसेपर्यंत जायचे, आणि जुना रंग व उघडे लोखंड यांच्यामधली पायरी 220, मग 400 नंबरच्या वॉटर पेपरने बोटाला लागेनाशी करायची. डोळ्याला पायरी दिसत नाही म्हणून ती नाही असे नाही. डोळे मिटून बोट फिरवावे.

नळीवर पेपर चालवायची युक्ती गॅरेजमधल्या पोरांकडून शिकण्यासारखी आहे. ते पेपर हाताच्या पंजात धरत नाहीत. दोन बोटे रुंदीची पट्टी फाडतात, नळीमागून घेतात आणि दोन्ही टोके धरून बुटाला पॉलिश मारणाऱ्यासारखी आलटून-पालटून ओढतात. नळी सगळीकडून सारखी घासली जाते आणि कुठे सपाटी येत नाही.

घासताना पाणी वापरावे याला आणखी एक कारण आहे. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या वर असू नये हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आजोबांच्या काळातल्या सायकलला तो ठाऊक नव्हता. कोरडे घासले की ती भुकटी गॅलरीत, तिथून चपलांना लागून घरात, आणि घरात रांगणारे मूल. ओले घासावे, चिखल कागदावर गोळा करावा.

प्रायमरनंतर रंग. कॅन आधी दोन मिनिटे हलवायचा. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून दोन मिनिटे, हातात घेतल्यापासून नव्हे. फ्रेम पुढच्या नळीतून दोर ओवून टांगायची. नळीपासून 20 ते 30 सेंटिमीटर अंतर. सुरुवात सांध्यांपासून आणि खालच्या बाजूने. लांब, दर्शनी नळ्या शेवटी. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. माणूस चुकतो तो इथे. पहिल्याच हातात रंग भरावा असे वाटते, बोट बटणावर रेंगाळते आणि नळीच्या पोटाखाली ओघळ लोंबतो. ओला ओघळ पुसू नये. तो पूर्ण वाळू द्यावा, 600 च्या पेपरने सपाट करावा आणि त्यावर पुन्हा हात मारावा.

कोकणात रंगाचे पंचांग वेगळे असते. जुलैमध्ये लॅकर मारला की तो डोळ्यांदेखत पांढरट, धुरकट होतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली वाफ त्या थंड झालेल्या ओल्या रंगावर बसते. एरवी चांगला रंगारीसुद्धा यावर फार काही करू शकत नाही. सावकाश उडणारे थिनर घालतो किंवा काम पुढे ढकलतो. पाऊस ओसरल्यावर, नवरात्रापासून पुढे, हवा कोरडी व्हायला लागते. खंडेनवमीला सायकल धुऊन, हळदीकुंकू लावून तिला झेंडूची माळ घालायची पद्धत आहे. पूर्वी सायकल रंगवायची ती याच सुमारास. त्यात पूजेइतकाच हवेचाही वाटा होता.

आणि शेवटी वाट पाहणे, जे कोणाला जमत नाही. लॅकर अर्ध्या तासात बोटाला सुकतो. साधा ऑइल पेंट दुसऱ्या दिवशी सुकल्यासारखा वाटतो, पण आतपर्यंत कडक व्हायला त्याला आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी सीटचा क्लॅम्प आवळला की त्याचा ठसा रंगात कायमचा उठतो.

गॅरेजचा रंग, आणि त्याची परीक्षा

डेंटिंग-पेंटिंगवाल्याने फ्रेम घेतलीच, तर त्याच्याकडे घरी नसलेल्या तीन गोष्टी असतात: पुट्टी, हार्डनरचा रंग आणि सवय.

आडव्या दांडीला पोचा आला असेल तर तो पुट्टीने भरून काढणे त्याच्या हातचा मळ. नंतर प्रायमर, त्यावर बेस, त्यावर क्लिअर. रंगात हार्डनर मिसळला की वाळणे ही नुसती थिनर उडून जाण्याची क्रिया राहत नाही. दोन द्रव्यांची एकमेकांशी रासायनिक गाठ पडते. म्हणून या रंगाला ‘टू-के’ म्हणतात. बोलीत त्याचे नाव ‘पीयू’. तो पेट्रोलला दाद देत नाही, उन्हात लवकर फिका पडत नाही. त्याच्या उलट एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. 1920 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाने तो मोटारींसाठी आणला. ते नाव आपल्या रंगाऱ्यांच्या आणि सुतारांच्या तोंडात असे बसले की आजही फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. एनसी स्वस्त आणि झटपट, पण नाजूक.

गिऱ्हाइकाला सांगितला जातो पीयू आणि मारला जातो एनसी, असेही घडते. याची परीक्षा घरच्या ड्रेसिंग टेबलावर आहे. अॅसिटोनचे नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन बीबीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी, हलके चोळावे. कापसाला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर तो एनसी. नीट मुरलेला पीयू हलत नाही. रंगाऱ्याशी भांडण करण्यासाठी नव्हे, पण पैसे ठरवण्याआधी ‘मी रिमूव्हर लावून बघणार आहे’ एवढे सांगितले तरी काम सुधारते.

दुसरा घोटाळा थरांचा. खाली घरी मारलेला ऑइल पेंट आणि वर गॅरेजचे जहाल थिनर, अशी गाठ पडली की खालचा रंग सुरकुतून वर येतो. ‘पेंट उचलला’ म्हणतात तो हाच. घरी एक हात मारून मग गॅरेजला न्यायचे असेल तर आधी तसे सांगावे. लपवले तर पाच मिनिटांत उघड होते.

बारीक नळीवर गन मारायची पद्धत पाहण्यासारखी असते. अनुभवी रंगारी गनचा पंखा आवळून अरुंद करतो, हवेचा दाब उतरवतो आणि आधी फक्त सांधे घेतो. मग उरलेल्या नळ्या एका दमात, मनगट न वळवता, सगळा हात सरकवत. नळीच्या टोकाला पोहोचण्याआधी गन थांबत नाही. ती नळीबाहेर गेल्यावर बोट सुटते. कामात दिरंगाई करणारा हाच माणूस या दोन मिनिटांत कोणाशी बोलत नाही.

तोंडाला मात्र बहुतेक वेळा नुसता रुमाल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. कोरोनातला मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. ट्रकच्या केबिनवर हजारोंचा रंग ओतणाऱ्या धंद्यात हा मास्क खिळ्याला टांगलेला क्वचितच दिसतो. याला अज्ञान म्हणायचे की बेपर्वाई, हे मालकाने ठरवावे. फुप्फुसे रंगाऱ्याची जातात.

पावडरची रांग

पावडर कोटिंगमध्ये ओला रंग नसतोच. रंगीत प्लास्टिकचे पिठासारखे बारीक कण गनमधून निघतात, निघताना त्यांना हजारो व्होल्टचा विद्युत्‌भार मिळतो आणि हुकाला टांगून अर्थिंग दिलेल्या फ्रेमकडे ते आपोआप ओढले जातात. कण नळीच्या मागच्या बाजूलाही वळून बसतात, त्यामुळे ओल्या रंगासारखी नासाडी नाही. खाली पडलेले पीठ गोळा करून पुन्हा वापरतात. मग भट्टी: 180 ते 200 अंश, दहा ते वीस मिनिटे. पीठ वितळते, पसरते, कडक होते. थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा. फ्रेम गार झाली की काम झाले. ना वाट पाहणे, ना क्लॅम्पचे ठसे.

त्याआधी ‘सेव्हन टँक’. ओळीने सात टाक्या: तेल काढायची, धुवायची, गंज खाणाऱ्या अॅसिडची, पुन्हा धुवायची, आणि पुढे फॉस्फेटची. फॉस्फेटच्या टाकीतून लोखंड राखाडी, किंचित खरखरीत होऊन बाहेर येते. तो थर रंगाला धरून ठेवतो आणि गंजाला पसरू देत नाही. ही कल्पना नवी नाही. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेटने 1906 साली तिचे पेटंट घेतले आणि विलायती सायकलींच्या फ्रेमना ती फार लवकर लागू झाली. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या काळ्या सायकली पन्नास-साठ पावसाळे खाऊनही टिकलेल्या दिसतात, त्याचे श्रेय काळ्या रंगाइतकेच त्याच्याखालच्या या न दिसणाऱ्या थराला आहे. म्हणून पावडरवाल्याला पहिला प्रश्न रंगाचा विचारू नये, टाक्यांचा विचारावा. ज्याच्याकडे टाक्या नाहीत आणि जो नुसते थिनरने पुसून पीठ मारतो, त्याची चमक दोन पावसाळ्यांत पापुद्र्याने निघते.

रंगाचा प्रश्न विचारलाच, तर उत्तर ठरलेले: आज लाईनवर काळा चालू आहे, काळ्यात टाकू का?

या एका वाक्यात सगळा धंदा आहे. रंग बदलायचा तर बूथ झाडून काढावा लागतो, गन आणि नळ्या साफ कराव्या लागतात, नाहीतर पांढऱ्यावर काळे ठिपके येतात. एका सायकलसाठी हे कोणी करत नाही. म्हणून फ्रेम ज्या दिवशी जाते त्या दिवशी लाईनवर जो रंग असेल तो तिचा. खिडक्यांच्या जाळ्यांची ऑर्डर असेल तर पांढरा, रॅकची असेल तर राखाडी, गेटची असेल तर काळा. हे रंग ‘राल’ नंबरने ओळखतात. जर्मनीत 1927 साली चाळीस रंगांपासून सुरू झालेली ही यादी आता जगभर चालते आणि ग्रिलवाल्याच्या तोंडीही 9005 म्हणजे काळा आणि 9016 म्हणजे पांढरा असतो. कोणाला निळीच हवी असेल तर निळ्याची ऑर्डर येईपर्यंत फोन करत राहावे लागते. आठ-दहा सायकलवाले एकत्र येऊन एकाच रंगाची मागणी घेऊन गेले तर मात्र लाईन त्यांच्यासाठी थांबते. सायकल क्लबांना हे सहज जमण्यासारखे आहे.

पावडरला दोन गोष्टी जमत नाहीत. ती खड्डा झाकत नाही आणि साधी पुट्टी तिच्या भट्टीत टिकत नाही, म्हणून पोचा आलेली फ्रेम गॅरेजलाच न्यावी. आणि सांध्यांच्या आतल्या कोनात पीठ शिरायला कांकू करते, कारण विद्युत्‌भार कडेला ओढला जातो, कोपऱ्यात नाही. पावडर मारलेल्या सायकलला पहिला गंज तिथेच दिसतो.

शिवाय आटे. गेट रंगवणाऱ्या माणसाला बीबीचे आटे सायकलसाठी किती महत्त्वाचे असतात हे माहीत असायचे कारण नाही. तिथे 80 मायक्रॉनचा थर बसला की कप आत जात नाही आणि मग टॅप फिरवून आटे काढायला चांगला मिस्त्री शोधावा लागतो. जुने, टाकाऊ बीबी कप आणि स्क्रू आधीच बसवून फ्रेम द्यावी.

अॅल्युमिनियम आणि कार्बन

लोखंडी फ्रेमला 200 अंशांची भट्टी काहीच करत नाही. तिचे सांधे पितळेने जोडलेले असतील तरी पितळ त्याच्या कितीतरी वर वितळते. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. 6061 जातीच्या फ्रेमला तिची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या संस्कारातून मिळालेली असते. भट्टी ठरल्या तापमानाच्या वर गेली किंवा फ्रेम तासभर आत विसरली तर ती ताकद कमी होते आणि हे बाहेरून कळत नाही. कार्बनला भट्टी, वाळूचा मारा आणि पेंट रिमूव्हर तिन्ही वर्ज्य. त्यातली राळ उष्णतेने मऊ पडते. कार्बनची फ्रेम पळस्प्याच्या ट्रक रंगवणाऱ्याकडे नेणे म्हणजे हौसेचे मोल देऊन आफत विकत घेणे.

ओळख पटवणारा रंग

तासावर भाड्याने सायकल मिळण्याच्या काळात रंग हा मालकीचा पुरावा असायचा. दुकानातल्या सगळ्या सायकली एकाच भडक ऑइल पेंटमध्ये न्हाऊन निघत, मागच्या मडगार्डावर दुकानाचे नाव आणि नंबर. पोराने दुसऱ्या गल्लीत नेऊन विकायचे म्हटले तरी अख्ख्या गावाला ती कोणाची ते कळे. दरवर्षी त्याच रंगाचा आणखी एक थर चढे. अशा एखाद्या सायकलला आज पॉलिश पेपर लावला तर सात-आठ थर निघतात आणि सर्वांत खाली कंपनीचा काळा.

तो काळा कोणाचा, हाही शोधाचा विषय आहे. वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्या सरकारने 1980 साली ताब्यात घेतल्या. दोन्ही आता इतिहासजमा. सोनीपतला 1951 साली सुरू झालेल्या अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. त्या सायकलींचे नवे बिल्ले आणि स्टिकर आता कारखान्यातून येणार नाहीत. दांडीवरची सोनेरी रेघ लांब केसांच्या ब्रशने एका श्वासात ओढणारे हातही विरळ झाले. ट्रकच्या मागे अक्षरे काढणाऱ्या रंगाऱ्यांना ती रेघ येत असे, पण त्यांचेच काम रेडियमवाल्याकडे गेले. राज्याच्या परिवहन खात्याने 2015 साली ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायलाच मनाई केली. आता जुन्या सायकलवरचे नावही रेडियमवालाच संगणकावर कापून देतो. त्याच्यावर क्लिअरचा हात मारला तर ते बरे दिसते आणि टिकते.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. 2017 पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकलसुद्धा तिथे आहे. जुनी सायकल रंगवायला काढण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे. संग्राहकांच्या जगात एक नियम सर्वमान्य आहे: रंग कितीही वेळा देता येतो, मूळ रंग एकदाच असतो. टवके उडालेल्या पण मूळ रंगातल्या सायकलला नव्याने चकचकीत केलेल्या सायकलपेक्षा जाणकार जास्त मान देतात. अशा सायकलला पॉलिश पेपर नव्हे, मऊ फडके आणि मेण लागते.

तेव्हा हिशोब असा. स्टेशनपर्यंत रोज जाणारी, पावसात उभी राहणारी लोखंडी सायकल असेल तर सात टाक्या असलेला पावडरवाला गाठावा आणि लाईनवर जो रंग असेल तो गोड मानून घ्यावा. पोचा असेल, किंवा रंग आपल्याच पसंतीचा हवा असेल, तर गॅरेज. पण मुदत आणि पीयू दोन्ही आधी कबूल करून. मुलाची सायकल असेल, वेळ असेल आणि दिवाळीची सुट्टी हाताशी असेल तर गॅलरीत कागद अंथरावेत. आजोबांची मूळ रंगातली सायकल असेल तर तिला हात लावू नये.

आणि फ्रेम कोणाकडेही देण्याआधी ती उलटी करून बीबीच्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला नंबर शोधावा, त्याचा फोटो काढावा आणि नंबर वहीत लिहून ठेवावा. नव्या रंगाखाली तो अनेकदा बुजतो, आणि सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तोच विचारतात.